सोलापुरात डिझेल गाडी नुसती सात रस्ता ते नवी पेठ फिरवत असाल तर हे वाचा

बीएस ६ (धुराच्या कडक नियमांची) डिझेल गाडीला सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ म्हणजे धूर गाळणारा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि गरम झाला की जाळतो, पण त्यासाठी सलग पळायला पाहिजे आणि गावातल्या ट्रॅफिकमधे ते होतच नाही, मग डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. दिवा लागला की पुणे हायवेला मोहोळच्या दिशेने एक चक्कर मारा, ६०-७० च्या स्पीडने १५-२० मिनिटं, मधे बंद करू नका. त्यावेळी आत ६०० डिग्रीच्या आसपास तापतं, त्यामुळे लगेच वाळल्या गवतावर किंवा कडब्याजवळ गाडी लावू नका बरं का! चेक इंजिनचा दिवापण लागला तर मात्र सरळ गॅरेज. कोणी डीपीएफ काढून टाकू म्हणालं तर ऐकू नका, पीयूसीला लफडं होतं.

आता दुसरी गोष्ट, बॉनेटखालचा इंजिनचा बेल्ट. बेल्ट बघताना इंजिन बंद, चावी खिशात, गळ्यातला गमछा बाजूला. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन गाडी बंद असली तरी अचानक फिरतो, म्हणून थंड होऊ द्या. चिरा, चकाकी, सुटलेले दोरे दिसले की बदला, आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर उघडायला लावणारा आतला बेल्ट) असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरलाच बदला, तुटला तर व्हॉल्व वाकतात.