पट्ट्यांची होडी: साचे आणि रेझिन यांना वेळ द्या

पातळ लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून बांधलेली १६ फुटी कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) ही नवख्याने पहिल्यांदा हातात घ्यावी अशी होडी आहे. कोकणातल्या नेहमीच्या लाकडी होडीला पठाण (तळाचा कणा) आणि वांक (आतल्या बरगड्या) असतात. या होडीत आत वांक नसतातच. मधे ६ मि.मी. लाकूड आणि दोन्ही अंगांना इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर या दोन द्रवांच्या कडक होणाऱ्या मिश्रणात) भिजवलेलं काचतंतूंचं म्हणजे ग्लास कापड, या कवचावरच सगळा भार येतो. पद्धत कच्ची समजू नका. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ अशीच सीडर या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची आहे आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

नवख्यांना धास्ती असते ती पट्ट्या बसवण्याची. ते काम खरं तर सर्वांत सोपं. होडी बिघडते ती त्याआधी साच्यांच्या मांडणीत, नाहीतर नंतर रेझिनमध्ये.

साचे म्हणजे होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे. ते १२ मि.मी. प्लायवूडचे, दर ३० सें.मी.वर एक, होडीपेक्षा थोड्या आखूड पण पक्क्या सरळ तुळईवर उलटे उभे करायचे. तुळईच्या मध्यावर सूत ताणा आणि प्रत्येक साच्याची मध्यरेषा त्याला जुळवा. प्रत्येक साच्याच्या जागी तुळईवर आडवी रेषा आखलेली असते. साच्याची जाडी त्या रेषेच्या नेमक्या कोणत्या बाजूला ठेवायची, इथे बहुतेकजण चुकतात. होडी टोकांकडे निमुळती होत जाते. म्हणून साच्याची जाडी नेहमी होडीच्या मध्याकडे राहावी आणि टोकाकडची कड रेषेवर यावी. उलटं केलंत तर ती कड अंगाबाहेर डोकावते. जिथे उतार चारास एक आहे तिथे १२ मि.मी.च्या साच्याने ३ मि.मी.चा फुगवटा येतो, आणि तो रंध्याने काढायला गेलात तर पट्टीची निम्मी जाडी जाते. साचे उभे झाले की एक लवचीक पट्टी वेगवेगळ्या उंचीवर लांबीभर वाकवून टोकाकडून एका डोळ्याने पाहा. पट्टी एखाद्या साच्यापासून सुटत असेल किंवा त्यावर अडत असेल, तर दुरुस्ती आत्ताच करा. साच्यांच्या कडांना पॅकिंग टेप लावली नाही तर होडी साच्यालाच चिकटते.

लाकूड हलकं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं हवं. रेड सीडर घनमीटरला साधारण ३७० किलो भरतं, साग साडेसहाशेच्या आसपास. एवढ्या होडीला सुमारे ०.०३५ घनमीटर लाकूड लागतं, म्हणजे सीडरचं १३ किलो आणि सागाचं २३. साग काठांसाठी राखून ठेवा. १९ मि.मी. जाड फळीतून ६ मि.मी.च्या पट्ट्या काढताना करवतीचं पातं ३ मि.मी. रुंद असेल तर एक तृतीयांश लाकडाचा भुसा होतो. फळ्या घेताना हे धरूनच हिशेब करा. पट्ट्या किती लागतील? मधल्या साच्याचा घेर एका पट्टीने झाकल्या जाणाऱ्या रुंदीने भागा आणि वर १५ टक्के धरा. राउटरने (कडा कोरणाऱ्या यंत्राने) एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खोबणी पाडायची. गोलाई आधी, कारण खोबणीचे ओठ नाजूक असतात आणि दाबाने तुटतात. जोड द्यावा लागला तर जाडीच्या आठपट तिरका, म्हणजे ४८ मि.मी.चा. सीडरचा भुसा दम्याला कारण ठरू शकतो, म्हणून कापताना आणि घासताना चांगला मास्क हवाच.

पहिली पट्टी सगळ्यांत मोलाची, कारण पुढच्या सगळ्या तिच्यामागे जातात. ती मधल्या साच्यावर काठाच्या रेषेला लावा आणि टोकांकडे तिला आपल्या सहज वळणाने जाऊ द्या. खोबणी वर ठेवली की गोंद तिच्यात नीट बसतो. साधा पांढरा लाकडी गोंद पुरतो, कारण पुढे सगळं इपॉक्सीखाली झाकलं जातं. दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसवत जा, नाहीतर एकाच अंगाच्या ताणाने साचे पिळतात. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच फडक्याने पुसा. सुकला की तो सीडरपेक्षा टणक होतो, घासताना आजूबाजूचं लाकूड खोल जातं आणि गोंद राहिला तिथे वार्निशखाली फिकट डाग दिसतात.

तळाकडे एका बाजूच्या पट्ट्या मध्यरेषेपलीकडे जाऊ द्या, मग सरळ रेषा मारून पटाशी आणि रंध्याने कापा आणि दुसरी बाजू तिला एकेक करून जुळवा. पूर्ण झाल्यावर आधी रंधा, मग लांब फळीवर लावलेला ८० नंबरचा, नंतर १२० नंबरचा घासकागद. दिवा बाजूने तिरका धरला की खड्डे-उंचवटे उघडे पडतात. शेवटी होडीचं अंग ओल्या फडक्याने पुसा. राहिलेले गोंदाचे डाग दिसतील आणि तंतूही उठतील. वाळल्यावर पुन्हा एकदा हलकं घासा.

आता रेझिन. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड घ्या. आतबाहेर मिळून रेझिन आणि हार्डनर साधारण ६ ते ७ किलो लागतात. प्रमाण वजनाचं आणि मापाचं वेगळं असतं, कारण दोन द्रवांची घनता सारखी नसते. डब्यावरचं कोणतं वापरताय ते नक्की करा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका, मिश्रण कधीच नीट कडक होत नाही. एका वेळी १५०-२०० ग्रॅम कालवा आणि लगेच होडीवर पसरलेल्या कापडावर ओता. खोल कपात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मंद हार्डनरशिवाय हे काम करूच नये.

काम दुपार उतरल्यावर सुरू करा. तापमान चढत असताना लाकडातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे येतात. उतरत असताना लाकूड रेझिन आत ओढतं. पांढुरका भाग म्हणजे कापड कोरडं. चकाकणारं तळं म्हणजे रेझिन जास्त, कापड तरंगतंय आणि घासताना तेच कापलं जाणार. वीण सर्वत्र सारखी, मंद चमकेची दिसली की थांबा. पुढचे दोन थर आधीचा चिकट असतानाच द्या. दमट हवेत काही हार्डनरांमुळे वर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने काढा, कारण थेट कागद मारला तर तो आत दाबला जातो आणि वार्निश धरत नाही. कोकणात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवा. हातमोजे नायट्राइलचे. कातडीवर लागलेलं रेझिन थिनरने धुऊ नका, ते अधिक आत शिरतं. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि मग हे काम कायमचं सुटतं.

साच्यावरून काढलेली होडी आत कापड लागेपर्यंत लुळी असते. तिला आधार देणाऱ्या पाळण्यात ठेवा आणि मधे तात्पुरती आडवी पट्टी लावून नकाशातली रुंदी धरा, नाहीतर ती चुकीच्या आकारात कडक होईल. आतल्या बाजूला वीण पूर्ण भरू नका; पाय घसरत नाही आणि वजनही वाचतं. काठ, आडवी पट्टी आणि बैठका बसल्या की अतिनील किरण अडवणाऱ्या वार्निशचे तीन-चार थर द्या. नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, म्हणून वार्निशचा ताजा थर दरवर्षी पाहणी करून, जिथे चमक गेली तिथे लगेच द्यावा.