दुसरा टँग आणण्यापूर्वी: जोडीची निवड करताना या चुका टाळा

खाऱ्या पाण्याची टाकी घरात सात-आठ महिने नीट चालली, क्लाउनफिशची जोडी रुळली आणि दगडांवर शेवाळाचा हिरवा थर धरू लागला, की बहुतेक छंदिष्टांना टँगचे, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या चपट्या समुद्री माशांचे, वेध लागतात. पहिला टँग सहसा सुखाने नांदतो. अडचण सुरू होते ती दुसरा आणल्यावर. संध्याकाळी सोडलेला मासा सकाळी पंपामागच्या कोपऱ्यात सापडतो, त्याचे पर फाटलेले असतात, अंगावर समांतर ओरखडे उमटलेले असतात, आणि आधीचा मासा ‘तापट निघाला’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात आधीचा मासा आपल्या जातीला साजेसेच वागलेला असतो. चूक दुकानातच, निवडीच्या वेळी झालेली असते.

ते ओरखडे दातांचे नसतात. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो आणि त्यावरूनच या कुळाला सर्जन मासे असे नाव पडले. बहुतेक जातींमध्ये हा काटा खाचेत मिटलेला असतो आणि शेपूट वळवली की चाकूसारखा उघडतो; नासो वर्गातील माशांमध्ये तो मिटत नाही, कायम बाहेरच राहतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण या माशांच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः लागू पडते.

रंग पाहून निवड करणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच उगवतात. आपण एक पिवळा, एक निळा, एक जांभळा असा विचार करतो. टँग मात्र समोरच्याच्या अंगाचा घाट आणि त्याची चरण्याची पद्धत पाहून प्रतिस्पर्धी ठरवतो. खडकावरच्या शेवाळाचा तुकडा हे त्याचे शेत असते, आणि ज्याचा आकार आपल्यासारखा, ज्याचे तोंड आपल्यासारखे, तो त्या शेतात घुसलेला चोर ठरतो. त्यामुळे पिवळा येलो टँग आणि जांभळा पर्पल टँग आपल्याला कितीही वेगळे दिसले तरी त्यांच्या दृष्टीने ते सख्खे भाऊबंद असतात, आणि भाऊबंदकी कशी असते हे आपल्याकडे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी चार-पाच घाट ओळखता आले पाहिजेत. उंच पर आणि पुढे आलेले तोंड असलेला, शिडासारखा दिसणारा झेब्रासोमा वर्ग हा पहिला. येलो, पर्पल, स्कोपास आणि सेलफिन टँग यात येतात. लांबट अंडाकृती अंगाचा अकँथुरस वर्ग हा दुसरा. पावडर ब्लू, अकिलीस, क्लाउन, सोहल आणि कन्व्हिक्ट हे त्यातले. तिसरा टेनोकीटस, म्हणजे कोले आणि टोमिनी टँग. यांचे दात कंगव्यासारखे बारीक असतात आणि ते पानांसारखे शेवाळ तोडण्याऐवजी दगडावरचा पातळ थर विंचरून खातात. चौथा नासो, लांब अंगाचा आणि मोठा होणारा. पाचव्या वर्गात एकच जात आहे, लहान मुलांना चित्रपटांमुळे ठाऊक झालेला निळा ब्लू टँग, ज्याला रीगल किंवा हिप्पो असेही म्हणतात. हा बराचसा आहार पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांतून मिळवतो, म्हणून शेवाळावरून इतरांशी त्याचा वाद कमी होतो.

एका टाकीत एका वर्गातील एकच मासा, हा नियम यावरून निघतो. तो काटेकोर कायदा नाही. सेलफिन आणि येलो मोठ्या टाकीत एकत्र राहिलेले मी पाहिले आहेत. परंतु दोन अकँथुरस, त्यातही पावडर ब्लू आणि अकिलीस यांची जोडी लावण्याचे धाडस मी कोणालाही सुचवणार नाही. या वर्गातही अपवाद आहे तो कन्व्हिक्ट टँगचा: काळ्या उभ्या पट्ट्यांचा हा मासा स्वभावाने सौम्य असतो, फक्त पोहण्यासाठी त्याला भरपूर मोकळी जागा लागते.

घाट नीट न पाहण्याचा एक मजेदार, पण महागात पडणारा प्रकारही आहे. अंदमानच्या समुद्रात आढळणाऱ्या एका तपकिरी टँगची पिल्ले आयबल्स एंजल नावाच्या बुटक्या एंजलफिशची हुबेहूब नक्कल करतात. एंजल समजून आणलेला मासा वर्षभरात रंग बदलतो, घाट बदलतो आणि टाकीत आपण न ठरवलेला आणखी एक अकँथुरस उभा राहतो. शेपटीच्या बुडाशी काटा आहे की गालाजवळ, एवढे पाहिले तरी ओळख पटते. एंजलफिशचा काटा गालावर असतो.

समुद्रात थवा दिसला म्हणून घरीही थवा

लक्षद्वीप किंवा मालदीवला डायव्हिंग करून आलेले लोक हा मुद्दा हमखास मांडतात: तिथे तर पावडर ब्लूचे मोठे थवे एकत्र चरताना दिसतात, मग घरी दोन का नकोत? ते जे पाहून आले ते खरेच आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. आपापल्या शेवाळाची राखण करणाऱ्या माशांचा पहारा मोडण्यासाठी टँग अनेकदा झुंडीने उतरतात. एकट्याला हाकलणे सोपे असते, पन्नासांना हाकलणे शक्य नसते. झुंडीतल्या दुबळ्या माशाला बाजूला व्हायला तिथे अख्खा खडक मोकळा असतो. घरच्या टाकीत पळायला जागा नसते आणि मार वाटून घ्यायला इतर मासे नसतात. म्हणूनच एकाच जातीचे दोन टँग ही सर्वांत वाईट संख्या आहे: बलवानाचा सगळा राग एकाच्याच वाट्याला येतो. येलो टँगचा गट ठेवायचाच असेल तर हजार लिटरच्या पुढची टाकी हवी, पाच किंवा अधिक लहान मासे हवेत, सर्व एकाच आकाराचे आणि एकाच दिवशी सोडलेले.

लिटर मोजणे, लांबी न मोजणे

टँगला पाण्याच्या उंचीचा फारसा उपयोग नसतो. त्याला सरळ रेषेत पळायला जागा लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ३२० ते ३४० लिटर पाणी मावते, आणि तिथे मी एकच कोले किंवा टोमिनी ठेवीन. येलो टँगलाही ती चालते, पण जेमतेम. सहा फुटी टाकीत ब्लू, कोले आणि येलो असे तीन वेगळ्या घाटांचे मासे ठेवता येतात. नासोसाठी आठ फुटांखाली विचार करू नये.

येथे दुकानातला आकार फसवतो. ब्लू टँग तीन-चार सेंटीमीटरचा, अंगठ्याएवढा विकला जातो आणि पूर्ण वाढल्यावर तीस सेंटीमीटरपर्यंत जातो. सेलफिन चाळीसपर्यंत पोहोचतो. ‘टाकीनुसारच मासा वाढतो’ हे काही विक्रेत्यांचे म्हणणे निव्वळ चुकीचे आहे. लहान टाकीत मासा खुजा राहतो तो आजारी असल्यामुळे. येलो टँग हवाईच्या समुद्रात चाळीस वर्षांच्या आसपास जगल्याची नोंद आहे, तेव्हा ही खरेदी पुढच्या एका हंगामापुरती नसते.

सोडण्याचा क्रम उलटा करणे

लोकलच्या डब्यात आधी चढलेला प्रवासी दारातल्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणतो. टाकीत आधी आलेला टँगही तेच म्हणतो. सौम्य मासे आधी आणि रागीट मासे शेवटी, हा क्रम त्यासाठीच असतो: प्रथम कोले, टोमिनी, ब्लू किंवा नासो, मग येलो किंवा सेलफिन, त्यानंतर पर्पल, आणि पावडर ब्लू, अकिलीस किंवा सोहल सर्वांत शेवटी. आपल्याकडे माल येईल तसा घ्यावा लागतो आणि म्हणून हा क्रम बहुतेकांकडून मोडतो. पावडर ब्लू आधी मिळाला आणि कोले सहा महिन्यांनी, तर कोले घेण्याचा विचारच सोडावा, किंवा तो पावडर ब्लूपेक्षा ठळकपणे लहान असल्याची तरी खात्री करून घ्यावी. सारख्याच मापाचे दोन टँग एकमेकांना आव्हान वाटतात.

नवा मासा थेट सोडू नये. भोके पाडलेली पारदर्शक ॲक्रिलिक पेटी टाकीतच टांगून त्यात त्याला पाच-सात दिवस ठेवावे, तिथेच खायला घालावे आणि जुना मासा काय करतो ते पाहावे. पहिल्या दोन दिवसांत तो पेटीवर शेपटी आपटेल. ते पाहून आपण घाबरू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो आपल्या चरण्याला लागला, तर दिवे मालवल्यानंतर पेटी उघडावी. आठवडा उलटूनही तो पेटीसमोरून हलत नसेल, तर ही जोडी जमणार नाही असे समजून नवा मासा परत करावा. सोडण्याच्या दिवशी काही दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्याच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात आणि दोघेही काही तास नवखे होतात. बाहेरून काचेला आरसा लावण्याचा उपायही चालतो, पण दिवसभर नव्हे. आरशातल्या शत्रूशी लढून जुना मासाच खंगलेला मी पाहिला आहे.

जे भांडण नाही त्याला भांडण समजणे

पर ताठ करून एकमेकांभोवती फिरणे, एखादी धाव घेऊन परत येणे, हे पहिल्या तीन-चार दिवसांत चालायचेच. काळजीची लक्षणे वेगळी आहेत: नवा मासा खायला बाहेर येत नाही, त्याचे पोट आत गेलेले दिसते, तो पाण्याच्या पृष्ठभागाशी किंवा एकाच कोपऱ्यात खिळून राहतो, आणि रोज नवे ओरखडे उमटतात. खाणारा मासा मार खाऊनही सावरतो. न खाणारा सावरत नाही. मी ओरखड्यांपेक्षा पोटाकडे अधिक पाहतो.

उलटपक्षी काही गोष्टींनी विनाकारण धावपळ होते. येलो टँग रात्री फिकट पडतो आणि त्याच्या अंगावर तपकिरी डाग व पांढरा पट्टा दिसतो. तो त्याचा झोपेचा रंग आहे. ब्लू टँग दगडांच्या फटीत आडवा पडून मेल्याचे सोंग करतो. त्याला काठीने डिवचू नये.

पांढऱ्या ठिपक्यांना स्वतंत्र आजार मानणे

टँगच्या अंगावर इतर माशांच्या तुलनेत श्लेष्मा पातळ असतो असे मानले जाते, आणि कारण काहीही असले तरी अंगावर पांढरे ठिपके उमटवणाऱ्या समुद्री इक या परजीवीला ते लवकर बळी पडतात; पावडर ब्लू आणि ब्लू टँग त्यात आघाडीवर. चुकीच्या जोडीचा ताण बसला की आधीपासून टाकीत असलेला परजीवी डोके वर काढतो. म्हणूनच अनेकांना ‘नवा मासा आजारी निघाला’ असे वाटते, तेव्हा आजार जुना आणि निमित्त नवे असते.

माशावरचे ठिपके काही दिवसांत आपोआप गळतात. ते बरे होणे नव्हे. परजीवी तळाशी जाऊन कोषात विभागला जातो आणि अनेक पटींनी परत येतो. लसणाचा अर्क किंवा माशांचे अंग साफ करणारी क्लीनर कोळंबी यांनी तो संपत नाही. सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून तांब्याच्या औषधाने उपचार करावे लागतात, त्याची पातळी रोज टेस्ट किटने मोजावी लागते, आणि मुख्य टाकी माशांविना ठेवावी लागते. छंदिष्टांमध्ये त्यासाठी ७६ दिवसांचा दंडक रूढ आहे. तांबे मुख्य टाकीत कधीही टाकू नये, कारण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी त्याने मरतात. ठिपके धुळीसारखे अगदी बारीक असतील आणि मासा जोरजोराने श्वास घेत असेल, तर तो व्हेल्व्हेट हा दुसरा, अधिक घातक परजीवी असू शकतो. तिथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. हे सर्व टाळण्यासाठी नव्या टँगला आधी चार आठवडे वेगळे ठेवणे स्वस्त पडते. हवाईत २०१५ मध्ये येलो टँगची आणि २०१६ मध्ये फ्लोरिडात ब्लू टँगची पैदास प्रथमच साधली गेली. असे पैदाशीचे मासे मिळाले तर परजीवींचा धोका कमी असतो, मात्र भांडखोरपणा तोच राहतो.

उपाशी टँग अधिक भांडतो

पुष्कळदा जोडी योग्य असते, पण पोट रिकामे असते. टँग दिवसभर चरणारा प्राणी आहे. दिवसातून एकदा गोळ्या टाकणे त्याला पुरत नाही. मीठ, तेल आणि मसाला नसलेली नोरी, म्हणजे सुशीसाठी मिळणारी समुद्री शेवाळाची पाने, क्लिपने दोन वेगवेगळ्या टोकांना लावावीत. एकच क्लिप लावली तर बलवान मासा तिथेच पहारा देतो. डोक्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर खड्डे पडू लागले, तर आहाराबरोबर पाणी स्वच्छ करण्यासाठी फिल्टरमध्ये घातलेला ॲक्टिव्हेटेड कार्बनही तपासावा, कारण सर्जन माशांवरील प्रयोगांत कार्बनच्या वापराने असे खड्डे पडल्याचे दिसले आहे.

मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात आणखी एक कारण असते. पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि सतत पोहणाऱ्या टँगला तो इतरांपेक्षा जास्त लागतो. एप्रिल-मेमध्ये अचानक चिडचिड वाढली तर आधी थर्मामीटर पाहावा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअरपंप पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या आधी घ्यावा.

काढायची वेळ आलीच तर

जोडी जमली नाही, की लोक जाळे घेऊन टाकीत उतरतात आणि दगड पाडतात. टँगचा काटा जाळ्यात अडकतो, सोडवताना मासाही जखमी होतो आणि बोटही कापते. त्याऐवजी नोरी लावलेली पारदर्शक सापळा-पेटी दोन-तीन दिवस उघडी ठेवावी, मासा निर्धास्तपणे आत-बाहेर करू लागला की दार पाडावे, आणि मासा पाण्यासकट प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन उचलावा. काढायचा तो मार खाणारा नव्हे, मारणारा. कारण मार खाणारा काढला तरी पुढचा मासा आणल्यावर हेच सारे पुन्हा घडते. मारणाऱ्याला पंधरा दिवस बाहेर ठेवून सर्वांत शेवटी परत सोडले, तर डब्यात चढणारा नवा प्रवासी आता तोच असतो.