स्थानिक फ्लॅपच्या शस्त्रक्रियेआधीची तयारी

स्थानिक फ्लॅप म्हणजे जखम झाकण्यासाठी शेजारचीच त्वचा, रक्तपुरवठ्यासाठी एका बाजूने जोडलेली ठेवून, जखमेवर फिरवणे किंवा सरकवणे. त्याची तयारी आदल्या दिवशी, रुग्णाच्या खाटेपाशीच सुरू करावी. मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची विचारणा आपण सगळेच करतो. पण कोल्हापूर परिसरात तंबाखूचा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो. कागल किंवा राधानगरीकडून आलेल्या मावशींना "तंबाखू खाता का?" असे विचारले, तर त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातले निकोटीन फ्लॅपच्या टोकाकडच्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते. म्हणून "मावशी, मिश्री लावता का?" असे थेट विचारावे, आणि शस्त्रक्रिया थांबण्याजोगी असेल तर मिश्री आधी चार आठवडे बंद ठेवायला सांगावे.

जखम त्वचेचा कर्करोग काढल्यामुळे झालेली असेल, तर कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगमुक्त, असल्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आल्याशिवाय फ्लॅप फिरवू नये. एकदा त्वचा सरकली की उरलेला रोग नेमका कोठे होता, हे शोधणे फार अवघड होते.

आखणी रुग्णाला बसवून आणि भुलेचे इंजेक्शन देण्यापूर्वी करावी, कारण आडवे झाल्यावर गाल कानाकडे ओघळतो आणि औषधाने त्वचा फुगली की मापे चुकतात. जखमेभोवतीची त्वचा चारही बाजूंनी चिमटीत धरून पाहावी. सैल त्वचा कोठे आहे आणि ती उचलल्यावर पापणी, ओठ किंवा नाकपुडी ओढली जाते का, हे बोटांनाच कळते. लिंबर्ग या चौकोनी फ्लॅपसाठी जखम 60 आणि 120 अंशांच्या समभुज चौकोनात बसवली, तर चार फ्लॅप काढता येतात. त्यांपैकी ज्याची मूळ जागा (जिथून त्वचा उचलली ती) विनाताण मिटेल आणि ज्याचा व्रण त्वचेच्या नैसर्गिक रेषांत लपेल, तोच निवडावा. पायावर, ठरावीक रक्तवाहिनी नसलेल्या फ्लॅपची लांबी रुंदीपेक्षा जास्त ठेवू नये. चेहऱ्यावर रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती तिप्पटही चालते.

साच्याचा कंटाळा करू नये. टाक्यांच्या पाकिटातील निर्जंतुक फॉइल जखमेच्या आकाराचे कापावे, त्याला फ्लॅपच्या लांबीची पट्टी ठेवावी आणि पट्टीचे टोक फ्लॅप ज्याभोवती फिरणार त्या बिंदूवर बोटाने दाबून साचा जखमेवरून मूळ जागेकडे उलटा फिरवून पाहावा. फ्लॅप जितका जास्त फिरतो तितकी त्याची पोहोच घटते. निवासी डॉक्टर असताना मी गालावरचा एक फ्लॅप नुसत्या जखमेच्या मापाने आखला होता. तो थोडा कमी पडला, मी तो ताणून शिवला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे टोक काळे पडले. ते टोक अजून डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे दुसरा पर्यायी फ्लॅपही आधीच आखावा आणि गरज पडल्यास त्वचारोपण करावे लागेल, हे संमती घेतानाच सांगावे.

ट्रेमध्ये 15 नंबरचे ब्लेड, बारीक स्किन हुक, रक्तस्राव थांबवणारी बायपोलर कॉटरी आणि चेहऱ्यासाठी 5-0 व 6-0 जाडीचा नायलॉन धागा असावा. अ‍ॅड्रेनालिनयुक्त लिग्नोकेनची (भुलेच्या औषधाची) कमाल मात्रा, किलोमागे 7 मिलिग्रॅम, रुग्णाच्या वजनावरून काढून फळ्यावर लिहावी. फ्लॅप कोणत्या थरातून उचलायचा हेही आधीच ठरलेले असावे: गालावर त्वचेखालच्या चरबीतून, टाळूवर गॅलियाखालून (डोक्याच्या त्वचेखालच्या चिवट पडद्याखालून), पायावर खोल फॅशियासह (स्नायूंवरच्या आवरणासह). कडा दातेरी चिमट्याने चिरडू नयेत. आधी मूळ जागा मिटवावी, म्हणजे फ्लॅप आपोआप जखमेकडे सरकतो.

शिवल्यानंतर बोटाने दाबून रंग पाहावा. फिकट राहून रंग सावकाश परतला तर धमनीचा अडथळा आणि निळसर होऊन झटकन भरला तर शिरांचा अडथळा समजावा. दोन्ही वेळा ताणाचे टाके सोडावेत, फ्लॅपची जोडलेली बाजू पिळली गेली आहे का किंवा खाली रक्त साठले आहे का ते पाहावे. ड्रेसिंगमध्ये फ्लॅप दिसेल एवढी खिडकी ठेवावी. गगनबावड्याकडच्या रुग्णाला संध्याकाळच्या एसटीने घरी धाडू नये. पहिली रात्र वॉर्डातच ठेवून पाळीच्या सिस्टरांना निरोगी फ्लॅपचा रंग खिडकीतून प्रत्यक्ष दाखवावा, आणि तो बदलल्यास रात्री कोणत्या डॉक्टरांना बोलवायचे त्यांचा नंबर केसपेपरवर लिहून ठेवावा.