‘मेट्रोपोलिस’ लाइव्ह साथीने कसा दाखवावा

प्रत: दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा हा मूकपट १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये झळकला आणि नंतर त्याला बेदम कात्री लागली. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सला १६ मिमी फिल्मवर जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. तिच्या आधारे झालेली २०१० ची, सुमारे अडीच तासांची आवृत्तीच घ्या. परवानगी जर्मनीतल्या व्हीस्बाडेनच्या मुर्नाऊ प्रतिष्ठानकडे मागा. सापडलेल्या दृश्यांवर ओरखडेच ओरखडे आहेत. प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर शिव्या प्रोजेक्टरवाल्याला बसतात.

वादक: तिघे पुरे. कीबोर्ड, व्हायोलिन, तालवाद्य. पेटी-तबलाही चालेल, आपल्याकडच्या मूकपटांना तीच साथ असे.

इशारे: म्हणजे काय कधी वाजवायचं याच्या खुणा. खरी गोची इथे आहे. ‘बाराव्या मिनिटाला ताल सुरू’ असे कागद लिहून देणारे भेटतात. ते सरळ फाडा. घरी सेकंदाला २५ फ्रेमच्या डिस्कवर तालीम केली आणि हॉलमध्ये २४ ची फाइल लागली, तर शेवटाला सहा मिनिटांचा फरक पडतो. चित्रपटातला पूर पडद्यावर यायच्या आत वादक बुडालेले असतात! हॉलमध्ये लागणार तीच फाइल तालमीला वापरा आणि इशारा घड्याळावर नाही, चित्रावर बांधा.

तोही दृश्य सुरू झाल्यावरचा नको, आधीच्या चित्राचा हवा. सुरुवातीला दहा आकड्यांचं घड्याळ दिसतं, मग वाफेचे भोंगे. घड्याळ दिसलं की हात तयार, वाफ सुटली की आवाज. पाळी बदलताना सुटलेले कामगार कामावर जाणाऱ्यांपेक्षा संथ चालतात. ठेका त्या संथ रांगेचा धरा. पुरात नायिका मारिया धोक्याची घंटा वाजवते, तिथे प्रत्येक ठोक्यामागे धावू नका. पहिला अचूक पकडा, पुढे लय आपली ठेवा. प्रत्येक हालचालीला ‘ढँण्’ केलं की लोक हसतात आणि त्यांचं हसणं रास्तच असतं.

पडद्यावर संवादांच्या पाट्या आल्या की वादन थांबवायचं हा सल्लाही कुचकामी. आवाज कमी करा, सूर तोडू नका.

हॉल: स्टँडवरचे दिवे मंद, खाली वळवलेले. पडदा तिघांनाही मान न वळवता दिसायला हवा.

मध्यंतर: चित्रपटाचे मुळातच तीन भाग आहेत. पहिला संपला की थांबा; व्हायोलिन पुन्हा सुरात लावायला तेवढा वेळ लागतोच.