ईआर-पीआर: अँटिबॉडीच्या आधीचं काम

आयएचसीच्या, म्हणजे ऊतकातली प्रथिनं अँटिबॉडीने रंगवून दाखवण्याच्या, कामाला नव्याने लागलं की सगळं लक्ष अँटिबॉडीवर असतं. ईआर-पीआर, म्हणजे स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर शोधणारी टेस्ट, बिघडायला सुरुवात होते ती त्याच्या कितीतरी आधी, ऑपरेशन थिएटरमध्येच.

गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची, दोन्ही वेळा डब्यावरच लिहून घ्या. अख्खा स्तन तसाच बुडवून ठेवू नका. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम 1 मिलिमीटर आत शिरतं. तोवर मधल्या पेशी नासत राहतात. आल्या आल्या 5 मिमीवर काप द्या, कापांमध्ये गॉज घाला, 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन ऊतकाच्या दहापट तरी घ्या. फिक्सेशन, म्हणजे ऊतक फॉर्मॅलिनमध्ये पक्कं करणं, 6 ते 72 तास. बायोप्सी बारीक असली तरी 6 तास द्यायचेच. शनिवारला जोडून सुट्ट्या आल्या की 72 तास कधी उलटले ते कळतही नाही, म्हणून प्रोसेसिंग (ऊतक फॉर्मॅलिनमधून काढून मेणात बसवणं) आधीच ठरवा.

सेक्शन, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, 3-4 मायक्रॉनचे आणि चार्ज्ड (ऊतक धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवरच. साध्या स्लाइडवरून ते रिट्रिव्हलच्या, म्हणजे प्रथिनं अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळी करण्याच्या, उष्णतेत सुटून जातात. कापलेल्या स्लाइड 6 आठवड्यांत वापरा. डॅब या तपकिरी रंगानंतर हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग हलकाच द्या. निळा रंग गडद झाला तर फिकट तपकिरी केंद्रकं त्याखाली झाकली जातात, आणि कमी पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह वाटते.

मायक्रोस्कोपखाली गाठीआधी शेजारची निरोगी नलिका शोधा. तिथे काही केंद्रकं तपकिरी, काही निळी, अशी सरमिसळ दिसायला हवी. नलिका पूर्ण निळी आणि गाठही निळी असेल तर तो निगेटिव्ह रिपोर्ट नव्हे. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतकाच्या ठोकळ्यावर) टेस्ट पुन्हा करा. चुकीच्या निगेटिव्हमुळे त्या बाईची टॅमॉक्सिफेनसारखी उपयोगी गोळी हुकते.

मोजायची ती फक्त इन्व्हेजिव्ह (नलिकेबाहेर पसरलेल्या) गाठीतली रंगलेली केंद्रकं. सायटोप्लाझमचा रंग धरायचा नाही. 1 टक्का किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. ईआर 1 ते 10 टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं स्पष्ट लिहा. ऑलरेड स्कोअरमध्ये (रंगलेल्या केंद्रकांचं प्रमाण आणि रंगाची तीव्रता यांच्या गुणांची बेरीज) 40 टक्के केंद्रकं मध्यम रंगलेली असतील तर प्रमाणाचे 4, तीव्रतेचे 2, एकूण 6. नुसता स्कोअर देऊ नका, टक्केवारीही द्या.

ग्रेड 1 ची किंवा ट्युब्युलर गाठ सहसा ईआर पॉझिटिव्हच असते; ती निगेटिव्ह आली तर सही करण्याआधी डब्यावरच्या त्या दोन वेळा पुन्हा बघा.