उजनी-हिप्परग्याच्या काठी पाणपक्षी मरताना दिसले तर

सोलापूर म्हटलं की नान्नजचा माळढोक आठवतो. पण उन्हाळ्यात उजनी धरणाचं, हिप्परगा तलावाचं पाणी मागे हटून गाळ उघडा पडला की नदी सुरयसारख्या धोक्यात आलेल्या पाणपक्ष्यांनाही एक मोठं भय असतं: बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारी बाधा. 2019 मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर त्यानेच हजारो पक्षी मेले.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू गाळात बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतो. मेलेल्या पक्ष्याच्या सडत्या शरीरात, हवा नसलेल्या उबेत, तो वाढतो आणि विष तयार करतो. माशीच्या अळ्यांना त्या विषाने काही होत नाही, मात्र त्या खाणारा पक्षी लुळा पडतो. त्याच्या मढ्यावर पुन्हा अळ्या. ही साखळी तोडायची तर मढी लवकर उचलावी लागतात. दुसरा कुठलाही उपाय याच्याइतका चालत नाही.

लक्षणं: पाय ओढत पंखांवर सरकणं, तिसरी पापणी (डोळ्यावर आडवा सरकणारा पातळ पडदा) अर्धी मिटलेली, शेवटी मान पडते आणि पक्षी वीतभर पाण्यातही बुडतो. बर्ड फ्लू आणि पाश्चुरेला या जिवाणूमुळेही पक्षी असेच पटापट मरतात. नजरेने फरक ठरवू नका. अहवाल येईपर्यंत बर्ड फ्लूच समजून वागा.

आधी वनविभागाच्या 1926 वर कळवा. जागा, जात, मेलेले किती, लुळे किती, हे सांगा आणि फोटो काढून ठेवा. वन्यपक्ष्याला परवानगीशिवाय हात लावणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे पुढचं काम त्यांच्या पथकाबरोबरच करायचं.

रबरी हातमोजे, मास्क, गमबूट घाला. फेरी सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी. उन्हाळ्यात माशीची अंडी दिवसभरात फुटतात, म्हणून एक दिवसाआड फेरी पुरत नाही. मढं अळ्यांसकट दुहेरी पिशवीत भरा. गळलेल्या अळ्या तिथेच राहिल्या तर मेहनत वाया. लव्हाळ्यात, पाणकणसात नीट शोधा, आजारी पक्षी तिथेच दडतात. खड्डा पाच-सहा फूट खोल, पाणी भरल्यावर जिथवर चढतं त्या रेघेच्या बाहेर, विहिरीपासून लांब. वर चुना, मग माती. कुत्र्यांना उकरता येऊ नये. कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नका, अळ्या टिपल्या की त्याही मान टाकतात.

नमुन्यासाठी नुकताच मेलेला पक्षी बर्फाच्या पेटीत ठेवून 24 तासांत पशुवैद्यकांकडे पोचवा, गोठवू नका.

लुळा पण जिवंत पक्षी सावलीत, छातीवर बसलेल्या स्थितीत, मान वर टेकवून ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. गिळता येत नसल्याने ते फुप्फुसात जातं. नळीने पाणी देणं पशुवैद्यकाचं काम. प्रतिजैविकं पोटात गेलेल्या विषावर चालत नाहीत. बाधा सौम्य असेल तर असे पक्षी काही दिवसांत उठून उभे राहतात. त्यांना त्याच काठावर सोडू नका, मढी नसलेल्या स्वच्छ पाण्यावर सोडा.