थकलेलं बिल मागावं कसं?

धंद्यात कसं बोलावं, या विषयावर इंदूरला वर्षभर कुठे ना कुठे भाषण चालूच असतं. हसतमुख राहा, नजरेला नजर द्या, समोरच्याचं ऐकून घ्या. ठीक आहे. पण अडकलेले पैसे मागायची वेळ आली की त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही, आणि धंद्यातल्या बोलण्याचा खरा कस तिथेच लागतो. माझा सांवेर रोडला मिठाई-नमकीनच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. खोकी वेळेवर जातात, पैसे वेळेवर येत नाहीत. त्यामुळे तगादा हा माझ्या कामाचा अर्धा भाग होऊन बसलाय.

बिल, माल मिळाल्याची सही असलेलं चलन आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, खात्याचा उतारा समोर असल्याशिवाय फोन उचलायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आधी मुनिमाशी बोला

शेठजी "हो" म्हणतात, पैसे मुनीम पाठवतो. म्हणून पहिला फोन मुनिमाला, आणि तोही पैसे मागायला नव्हे. दोनच गोष्टी विचारा: आमचं बिल चढलंय का, आणि तुमच्याकडे पेमेंट कुठल्या दिवशी निघतं? बऱ्याचदा बिल गोदामात ड्रायव्हरने दिलेल्या कागदांत तसंच पडलेलं असतं. ते वहीत चढलेलंच नसेल तर शेठजींशी कितीही गोड बोला, फुकट आहे. पेमेंट 10 आणि 25 तारखेला निघत असेल तर 11 तारखेला फोन करून काय मिळणार?

मुदतीआधी एक मेसेज

मुदत संपायच्या चार-पाच दिवस आधी, एवढाच:

"नमस्कार. बिल नं. 214, दि. 3 जून, रक्कम 86,400 रुपये. ठरलेली मुदत 18 जुलैला संपते. पेमेंट त्या तारखेला निघेल ना?"

पार्टी हिंदीवाली असेल तर हेच हिंदीत. सुप्रभातची फुलं नकोत, हात जोडलेली चित्रं तर अजिबात नकोत. जे मुळात नियमाने देणारे आहेत ते एवढ्यावर देऊन टाकतात.

फोन: इथेच घसा कोरडा पडतो

आता खरी अवघड पायरी. होळकरांच्या दरबारी, नंतर सरकारी खात्यांत आणि शाळा-बँकांत नोकऱ्या केलेल्या घरांतून आपण इंदूरची मराठी माणसं आलो. पैशाचं तोंडावर बोलणं आपल्याला हलकं वाटतं. मलाही वाटायचं. मग आपण फोनवर सुरुवात कशी करतो? "काका, डिस्टर्ब तर नाही ना केलं? नाही, सहजच फोन केला. ते जरा मागचं बिल होतं ना, जमलं तर बघा जरा." या अख्ख्या बोलण्यात ना रक्कम आहे, ना तारीख, ना प्रश्न. काका म्हणतात "हो हो, बघतो", आणि ते खरंच फक्त बघतात.

"सहजच", "जरा", "जमलं तर", "वेळ मिळाला की" हे शब्द पैशाच्या फोनमधून काढून टाका. नम्रपणा "नमस्कार"मध्ये आणि आवाजात ठेवा, मागणीत नको. पहिल्या दोन वाक्यांत बिल नंबर, रक्कम आणि उलटलेली तारीख आली पाहिजे. तिसरं वाक्य प्रश्नाचं: "कुठल्या तारखेला निघेल?" "कधी देता?" असं विचारलंत तर "देऊ लवकरच" हे उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घातलंत म्हणून समजा. तारीख विचारली की उत्तरात तारीख द्यावी लागते, नाहीतर ती टाळावी लागते. आणि टाळणं दोघांनाही ऐकू येतं.

प्रश्न विचारला की गप्प बसा. सगळ्यात कठीण काम हेच. पलीकडे शांतता होते. गल्ल्यावर कोणीतरी अर्धा किलो लसणाची शेव मागतंय, काटा टकटक करतोय, शेठजी कोणाला तरी "दे दे, वो वाला दे" म्हणताहेत. तुम्हाला वाटतं, काहीतरी बोलायला हवं. आणि तुम्ही बोलता: "नाही म्हणजे, पुढच्या आठवड्यातही चालेल." झालं! त्याने मागितलीही नव्हती ती आठवड्याची सवलत तुम्ही फुकटात देऊन टाकली. तोंड बंद ठेवा. काटा टकटकू द्या. पुढचं वाक्य त्याचं आहे.

त्याचं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: "हो जाएगा भिया, टेंशन मत लो." यावर हसून "टेंशन नहीं है, तारीख चाहिए" एवढंच म्हणा आणि पुन्हा गप्प. दुसऱ्यांदा विचारल्यावर बहुतेक जण काहीतरी तारीख सांगतात. ती तुम्हाला पटो न पटो, मोठ्याने उच्चारून पक्की करा: "म्हणजे 25 तारीख, शुक्रवार. पूर्ण 86,400." रक्कम पुन्हा बोलायलाच हवी, नाहीतर 25 ला पंचवीस हजार येतात आणि तो वर म्हणतो, पाठवले ना!

एक सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका: आपली अडचण सांगा, म्हणजे समोरच्याला पाझर फुटेल. मुलीची फी भरायचीये, बँकेचा हप्ता आलाय, कारागिरांचे पगार थांबलेत. हे बोललात की हक्काचे पैसे उसनवारीसारखे होतात. शिवाय अडचण तर त्याच्याकडेही आहे, आणि तो तुमच्याहून रंगवून सांगेल. तुम्ही माल दिलाय, मुदत संपलीये. एवढं कारण पुरेसं आहे. खोटी कारणं तर मुळीच नकोत. इंदूरच्या बाजारात सियागंजपासून मारोठियापर्यंत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, तुमच्या घरचं लग्न खरं की बनावट हे संध्याकाळपर्यंत कळतं.

दुसरी खेळी ठरलेली. पैसे मागताच माल खराब निघतो. "पिछली बार छपाई फीकी थी." त्यावर वाद घालायचा नाही आणि लगेच सूट द्यायची नाही. तक्रार वेगळी काढायची: कुठल्या बिलातला माल, किती खोकी, फोटो आहे का? "दोनशे खोकी फिकी असतील तर तेवढ्याची क्रेडिट नोट आजच पाठवतो. बाकीचे कुठल्या तारखेला?" (क्रेडिट नोट म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद.) तक्रार खरी असेल तर माणूस खूश होतो, कारण तुम्ही ती मनावर घेतलीत. नुसती सबब असेल तर ती तिथेच संपते. दोन्हीकडून आपण पुन्हा तारखेवर येतो.

ओळखीच्या मराठी माणसाकडून घेणं असेल तर जास्त जड जातं, हे खरं. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे काका, त्यांना कसं म्हणायचं? "भीड भिकेची बहीण" हे याच प्रसंगासाठी म्हणून ठेवलंय. मी एक पथ्य पाळतो: कार्यक्रमात, लग्नात, त्यांच्या घरी पैशाचा विषय काढायचा नाही, दुकानाच्या वेळेत, दुकानाच्या नंबरवर काढायचा, आणि तिथे मात्र काकांनाही बिल नंबर, रक्कम, तारीख. "काका, घरचं घरी, हे दुकानाचं" असं एकदा म्हटलं की त्यांनाही सोपं जातं.

वेळेचंही भान हवं. सकाळी बोहनीच्या, म्हणजे पहिल्या विक्रीच्या, आधी पैसे मागितलेत तर दिवसभर तोंड वाकडं. दुपारी जेवणानंतर मुनीम जागेवर असतो, ती वेळ बरी. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली की अर्ध्या बाजाराला शुद्ध नसते, त्या दिवशी फोन म्हणजे पैशांची बरबादी. आणि जुनी बाकी असेल तर राखीच्या आधी, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होताना बोला. तेव्हा त्याला तुमची खोकी हवी असतात. "मागचं चुकतं झालं की नवी गाडी लागलीच भरतो" हे वाक्य जूनमध्ये धमकी वाटतं, ऑगस्टमध्ये सरळ व्यवहार वाटतो.

फोन ठेवताच लिहून पाठवा

"बोलल्याप्रमाणे: बिल 214, 86,400 रुपये, 25 जुलै." बस्स. त्या मेसेजमध्ये नवीन विनंती घालू नका.

वर्षअखेरीला मात्र लेजर, म्हणजे खात्याचा उतारा, पाठवून बाकीच्या रकमेवर पार्टीची सही-शिक्का घ्या. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे येणं वसूल करायला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने सही करून लेखी बाकी कबूल केली तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. लोक हा कागद "ऑडिटवाल्यांना हवाय" म्हणून मागतात. तसंही मागा, काही बिघडत नाही. ऑडिटवाल्यांना तो लागतोच.

तारीख टळली, पुन्हा टळली

आता पत्र. आवाज चढवायचा नाही, कायदा सांगायचा. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून 'उद्यम' या सरकारी नोंदणीत नोंदलेला असेल तर 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण ती जास्तीत जास्त 45 दिवस. करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी माल देण्याआधीची असावी, म्हणजे नंतर वाद नको. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी यावर विसंबू नये; त्यांची उद्यम नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती असते.

पत्रात व्याजाची धमकी ठळक अक्षरात लिहिणारे मी पाहिलेत. त्याने शेठजी चिडतात आणि हलत कोणीच नाही. त्याऐवजी पत्राची प्रत त्यांच्या सीएला जाईल अशी पाठवा, कारण मार्च जवळ आला की घाई त्याला असते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल 31 मार्चपर्यंत चुकवलं नाही, तर खरेदीदाराला ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. पैसे देतील त्या वर्षी धरता येतं. जीएसटीतही बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या कराची वजावट, व्याजासकट परत करावं लागतं. या दोन ओळी सीएला समजावाव्या लागत नाहीत. तो शेठजींना आपल्या भाषेत सांगतो, आणि आपल्या चार फोनांनी झालं नसतं ते त्याच्या एका फोनने होतं.

त्यानेही झालं नाही तर राज्याच्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज. तिथे वर सांगितलेले सगळे मेसेज, चलनं आणि सही-शिक्क्याचं लेजर जोडायचं असतं, म्हणून ते फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये ठेवू नका. पार्टीच्या नावाचं वेगळं फोल्डर करा.

पैसे आले की

त्याच दिवशी पोच पाठवा: किती मिळाले, कुठल्या बिलात जमा केले, बाकी किती. पूर्ण आले असतील तर "बाकी शून्य" असं स्पष्ट लिहा, आणि मुनिमाला वेगळा फोन करून आभार माना. पुढचं बिल तोच चढवणार आहे.